डोंग्याची मोटर आणि मासळीचा काटा

“आजी, हिले फक्त एक क्लॅम्प मारून द्या. बाकी मोटर एकदम झकास हाये.”

मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षांनी ती मोटर दोन्ही हातांनी उचलून माझ्या टेबलावर ठेवली. टेबलावर एक जळालेला पंप पोट फाडून पडला होता, तो बिचारा बाजूला सरकला. दुकानातल्या गिऱ्हाइकांनी माना लांब केल्या.

पवनीच्या बाजारात आमचं मोटर भरायचं दुकान आहे. मोटर भरणं म्हणजे जळालेल्या मोटरीतली तार उपसून नवी गुंडाळणं. आता दुकान मुलगा बघतो. मी रिटायर झाले आहे. म्हणजे सकाळी त्याच्या आधी येते आणि संध्याकाळी त्याच्या नंतर जाते.

“किती एचपीची हाये?” एका गिऱ्हाइकाने विचारलं.

आमच्याकडे मोटर दिसली की पहिला प्रश्न हाच. इकडचा माणूस धान पिकवतो, बोअरवर पंप बसवतो. पोरीसाठी स्थळ पाहायला गेला तरी त्यांचा पंप किती एचपीचा ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहून येतो.

“ऐंशीची,” अध्यक्ष म्हणाले.

गिऱ्हाईक उठून उभंच राहिलं. ऐंशी एचपी म्हणजे दोन दणदणीत ट्रॅक्टर.

“एचपी नाई गा,” मी म्हटलं. “ऐंशी पाउंड.”

“म्हणजे हिचं वजन?”

“नाई. हिचा रेटा.”

ही ट्रोलिंग मोटर. लांब दांडा, दांड्याच्या खालच्या टोकाला बंद डब्यात मोटर, तिला पंखा. वरच्या टोकाला हँडल. दांडा डोंग्याला, म्हणजे लहान होडीला, अडकवायचा, पंखा पाण्यात बुडवायचा आणि बॅटरी जोडायची. धूर नाही, आवाजही जवळजवळ नाही. तलावावर जनावरं पाणी पितात, बाया कपडे धुतात, म्हणून संस्थेने पेट्रोलचं इंजिन आधीच नको म्हटलेलं. ही मोटर पाणी वर खेचत नाही, डोंग्याला पुढे रेटते. म्हणून तिचं माप रेट्याचं. दोन पाउंड म्हणजे किलोला थोडं कमी. ऐंशी पाउंड म्हणजे छत्तीस किलोचा रेटा. एवढ्या रेट्यात धानाच्या बांधीत, चिखलात रुतलेली म्हैस निघेल.

“तुमाले एवढा रेटा कायले पाह्यजे?” मी विचारलं.

“मोठी घेतली का टेन्शन नाई,” अध्यक्ष म्हणाले.

कोपऱ्यातून शेवंता पुढे आली. तिचा मिक्सर दुरुस्तीला होता, तो न्यायला ती थांबली होती. अध्यक्षांच्याच गावची, लाखांदूर रस्त्यावरची. नवरा तुकाराम बांबू रेटून डोंगा चालवायचा आणि ती मागे बसून जाळं सोडायची, असा त्यांचा तीस वर्षांचा संसार. पावसाळ्यात तुकारामचा खांदा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, बांबूला हात लावायचा नाही.

“आजी, अशी मोटर माह्या डोंग्याले बसन का?”

“काहून नाई बसन?”

अध्यक्ष हसले. “वहिनी, तुमी काहून त्रास घेता? डोंगा संस्थेकडं द्या. आपला एखादा गडी चालवन. तुमी आरामात पाळीवर बसा.”

हे वाक्य ऐकायला गोड होतं. त्यात काय होतं ते सांगते. त्या तलावावर मासळीचे वाटे पडतात. डोंग्याचा एक हिस्सा, जाळ्याचा एक हिस्सा आणि राबणाऱ्या हातांचे हिस्से. दिवाळीनंतर जाळी सोडायच्या पहिल्या दिवशी जो डोंगा ज्याच्या हाताने पाण्यात उतरला, तो हंगामभर त्याच्याच नावाने चालतो, आणि डोंग्याचा हिस्साही त्यालाच. त्या दिवशी शेवंताचा डोंगा दुसऱ्याने चालवला, तर तिच्याकडे फक्त जाळ्याचा हिस्सा उरणार होता. डोंगा तिचा, हिस्सा दुसऱ्याचा, आणि ती पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसून दुसऱ्याच्या मासळ्या मोजणार.

“मीच चालवीन, भाऊजी,” शेवंता म्हणाली. “ममता हँडल धरन, मी जाळं सोडीन.” ममता म्हणजे तिची सून, मुलगा बाहेरगावी कामाला असतो. नागपूरची. डोंग्यात तोवर दोनदाच बसलेली आणि त्यातल्या एकदा पडलेली.

“दोन बाया!” अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. “मंग तर आजी, यायले शंभरची लागन.”

माझा मुलगा गल्ल्यावरून म्हणाला, “आई, मोठीच सांग. मोठी कधी वाया जात नाई.”

हे वाक्य मी ओळखलं. ते माझंच होतं.

मी भंडाऱ्याला आयटीआय केलं तेव्हा वायरमनच्या वर्गात मुलगी मी एकटीच. त्याची इतकी हवा माझ्या डोक्यात गेली होती की लग्न होऊन या दुकानात आले तेव्हा अंबाड्यात टेस्टर खोचून बसायची. गजरा लावतात तिथे टेस्टर. गिऱ्हाईक बोलायला लागलं की मी त्याचं वाक्य मध्येच तोडायची आणि “फुल लोड करंट” असं काहीतरी फेकायची. सासरे बिचारे गल्ल्यावरून दोन्ही हात जोडायचे. मला वाटायचं, कौतुकाने जोडतात.

त्या काळात करडीकडचा एक शेतकरी आला होता. विहिरीसाठी दोन एचपीचा पंप मागत होता. विहिरीला पाणी किती येतं, हे मी विचारलंच नाही. विचारायची गरज हुशार माणसाला नसते. मी ऐटीत पाच एचपीचा पंप दिला. आठवडाभराने तो परत आला, समोर बसला आणि शांतपणे म्हणाला, “बाई, मोटर लय जबरदस्त देल्ली. बिडी विझाच्या आत विहीर संपते. आता तेवढ्याच ताकदीची एक विहीर द्या.”

सासरे त्या दिवशी इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. टेस्टर अंबाड्यातून निघाला, पण ती टेस्टरवाली माझ्या आत कुठेतरी बसूनच आहे. मोठी मोटर पाहिली की तिचा हात अजून पुढे जातो.

म्हणून मी शेवंताला म्हटलं, “मी तलावावर येतो. तुह्या घरी मासळी तोलायचा लटकता काटा हाये न?”

“हाये.”

“तो काढून ठेव. अन् मिक्सरमंधी खोबरं कोरडं टाकत नको जाऊ.”

दोन दिवसांनी एसटीने गेले. तलावाच्या पाळीवर निम्मं गाव जमलं होतं. मोटरवाली म्हातारी येणार म्हटल्यावर शेळ्यासुद्धा आल्या होत्या. डोंगा पाण्यात होता. दोन्ही टोकांना निमुळता, मधेही अरुंदच, सागाच्या फळ्यांचा. मी त्यात शेवंता आणि ममताला बसवलं. ओलं जाळं ठेवलं. मासळीच्या आणि बॅटरीच्या वजनाच्या जागी धानाचं एक पोतं ठेवलं. मग डोंग्याच्या नाकाला दोरी बांधली, दोरीला काट्याचा हूक लावला आणि काट्याची कडी हातात धरून पाळीच्या कडेकडेने चालायला लागले.

“आजी, डोंगा किलोनं विकत घेऊन राहिल्या काय?” अध्यक्ष पाळीवरून ओरडले.

“नाई. तुमाले तोलाचं होतं, पण काटा लहान पडला.”

पाळीवर हशा झाला. मी शेवंताला विचारलं, “जाळं सोडताना डोंगा किती चालीनं जातो?”

“याच्यापेक्षा हळू, आजी. लय हळू. नाईतर जाळं गुंडाळी होऊन पडते.”

मी आणखी हळू चालले. देवळात म्हातारी प्रदक्षिणा घालते तशी. ते मला जमतं. काट्याने अडीच किलो दाखवलं. मग शिंगाड्याच्या वेलांतून ओढलं. काटा सहाच्या पुढे गेला नाही. समोरून वारा आला, त्या झटक्याला आठ.

एवढंच गणित. डोंगा ओढायला लागतात आठ किलो, तेही वाईट वेळी. तीस पाउंडांची, म्हणजे सगळ्यात लहान मोटर तेराच्या वर रेटा देते. तिच्यात काम होऊन उरतं. छत्तीस किलो कुठे खर्च करणार?

“तिसाची घ्यायची,” मी जाहीर केलं.

“तीस!” अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. “आजी, तीस तर माह्या नातवाच्या खेळण्यात असन.”

शेवंताचा चेहरा उतरला. मी तिला बाजूला घेतलं आणि दुसरी गोष्ट सांगितली, जी पाळीवर ओरडून सांगण्यासारखी नव्हती. या मोटरी दोन जातींच्या येतात. एकीला पाच स्पीडचं बटण असतं. जुन्या पंख्याचा खोक्यासारखा रेग्युलेटर आठवतो का? पंखा एकवर ठेवला की खोकं तापायचं. पंखा हळू व्हायचा, पण उरलेली वीज खोक्यात जळून जायची. पाच स्पीडच्या मोटरीचं तसंच. हळू चालवली तरी बॅटरी खाते. दुसऱ्या जातीत नव्या रेग्युलेटरसारखं असतं. हँडल जितकं पिळाल तितकीच वीज घेते. शेवंताला दिवसभर हळूच चालायचं होतं. म्हणून मोटर लहान, पण हँडल पिळायचं.

बॅटरीचंही तसंच. तुकारामच्या मनात भावाच्या ट्रॅक्टरची बॅटरी होती, फुकट मिळणारी. मी नको म्हटलं. ट्रॅक्टरची बॅटरी म्हणजे कुस्तीतला पैलवान. स्टार्टरला एक जोराचा धक्का देते आणि मग आराम करते. ई-रिक्षाची बॅटरी म्हणजे धानाची रोवणी, लावणी करणारी बाई. सकाळी वाकली की संध्याकाळपर्यंत त्याच चालीने. पवनीत आता ई-रिक्षा फिरतात, त्यामुळे तशी बॅटरी आणि तिचा चार्जर दोन्ही मिळाले.

मोटर नागपूरहून आली. मी बसवायला गेले आणि इथे त्या टेस्टरवालीने डोकं वर काढलं.

पुस्तकात, जाहिरातीत, सगळीकडे मोटर होडीच्या मागे. मीही मागे लावली. डोंग्याला मागे सपाट फळी नसते, तर आडवी लाकडी पट्टी टाकली, लोखंडी अँगलने कसली, वर क्लॅम्प. काम इतकं देखणं झालं की मीच दोनदा हात फिरवला. ममताने हँडल धरलं, शेवंताने जाळं सोडायला घेतलं. डोंगा कुठे निघाला म्हणता? तिथल्या तिथे खुंट्याला बांधलेल्या कालवडीसारखा गोल फिरला. मागच्या हँडलचं उलटं असतं, ते डावीकडे ढकललं की डोंगा उजवीकडे जातो. ममता घाबरून ओरडली, “आजी, हे मले पाह्यजे तिकडं जातच नाई!” तेवढ्यात शेवंताही ओरडली, “बंद कर, बंद कर! जाळं पंख्यात जाऊन राहिलं!”

अहो, जाळं डोंग्याच्या मागूनच सुटतं. आणि मी पंखा नेमका तिथेच ठेवला होता. जाळं सोडायच्या डोंग्याला मागे पंखा म्हणजे केस विंचरणाऱ्या बाईच्या मागे फिरता पंखा ठेवण्यातला प्रकार.

पाळीवर अध्यक्ष उभे होतेच. “आजी, क्लॅम्प मात्र झकास हाये हो!”

“तुमाले तसाच मारून देतो,” मी म्हटलं. “मागंच.”

“हव, मागंच पाह्यजे. सगळे मागंच लावतात.”

मी त्यांना दोनदा सांगितलं की तुम्हीही बघा, जाळं अडकेल. ते म्हणाले, माझ्या मोटरीच्या जोरापुढे जाळं मागेच राहील. गिऱ्हाइकाला दोनदा सांगावं. तिसऱ्यांदा सांगणं म्हणजे त्याच्या अनुभवाच्या आड येणं.

शेवंताची मोटर मी काढली आणि डोंग्याच्या नाकावर बसवली. मोटरीचं डोकं दांड्यावर उलटं फिरवून घेतलं, म्हणजे ती ढकलायच्या ऐवजी ओढायला लागली. बैल गाडीच्या पुढेच जुंपतात, हे मला सत्तरीच्या घरात उमगलं. आता जिकडे मोटरीचं तोंड तिकडे डोंगा. ममता पुढे, शेवंता मागे, जाळं आणि पंख्यात अख्ख्या डोंग्याचं अंतर. संध्याकाळपर्यंत ममता शिंगाड्याच्या वेलांना वळसे घालायला लागली. वेल पंख्यात आलाच तर हँडल खाली दाबायचं, पंखा पाण्याबाहेर येतो, वेल काढून टाकायचा.

“माय वो,” शेवंता म्हणाली, “स्कूटी शिकून राहिली हे तं.”

जाळी सोडायच्या पहिल्या दिवसासाठी मी आदल्या रात्रीच मुक्कामाला गेले. सकाळी पूजा झाली, नारळ फुटला, डोंगे पाण्यात उतरले. बाकीच्यांचे बांबू. अध्यक्षांची ऐंशीची मोटर, तिला ट्रॅक्टरच्या दोन बॅटऱ्या जोडलेल्या. आणि शेवंताचा डोंगा. तुकाराम पाळीवर बसला होता, एक खांदा दुसऱ्या हाताने धरून. जुना बांबूही सोबत घेऊन आला होता. लागला तर असावा म्हणून.

अध्यक्षांनी हँडल पिळलं. खरं सांगते, पाहण्यासारखं दृश्य होतं. डोंग्याने नाक वर केलं, मागे पांढरं पाणी उसळलं, पोरांनी शिट्ट्या मारल्या. जाळं सोडणारा त्यांचा गडी पाठीवर पडला आणि त्याच्या हातून जाळं सुटलं ते ढिगानेच. एका ठिकाणी, एका गठ्ठ्यात. अध्यक्षांनी ते पाहिलं आणि डोंगा वळवला. आपलं जाळं सावरायला ते थेट आपल्याच जाळ्यावर गेले.

पंख्याने जाळं मनापासून खाल्लं. मोटर हुंकारली, अडली. अध्यक्षांनी हँडल आणखी पिळलं. मी पाळीवरून ओरडत होते, “नका पिळू, जळन!” पण जोरावर विश्वास असलेल्या माणसाला ऐकू कमी येतं. मग दोन्ही पैलवान बसले. बॅटऱ्या संपल्या. डोंगा तलावाच्या मध्यावर अडकून पडला. बांबूही नव्हता, तो त्यांनी घरी ठेवला होता.

शेवंताकडे कुणी पाहतच नव्हतं. त्यामुळे तिचं अर्धं जाळं सुटून झालं होतं, हे लोकांना उशिरा कळलं. ममता हँडल जेमतेम पिळून बसली होती. डोंगा चालतोय की पाणी सरकतंय ते समजत नव्हतं. शेवंताच्या हातातून जाळं सुटत होतं, सरळ, सैल, वाटीतून दुधाची धार सोडावी तसं. वारा समोरून आला तेव्हा ममताने हँडल जरासं जास्त पिळलं. रेषा वाकडी झाली नाही. जाळ्याला बांधलेल्या तरंगत्या सुक्या भोपळ्यांची ओळ या काठापासून पार त्या वेलांपर्यंत गेली.

पाळीवर तुकाराम उभा राहिला. दुखऱ्या खांद्याचा हातच त्याने वर केला, हे त्याच्या लक्षातही आलं नसावं.

जाळं संपलं. शेवंताने मागे वळून अध्यक्षांकडे पाहिलं. मग ममताला काहीतरी सांगितलं. त्यांचा डोंगा सावकाश वळला आणि मध्यावर गेला. शेवंताने दोरी फेकली.

“भाऊजी, धरा. अन् हलू नका, दोन बाया ओढून राहिल्या.”

तिसाच्या मोटरीने ऐंशीच्या मोटरीला ओढत आणलं. त्याच चालीने, प्रदक्षिणेच्या. घाई करायचं काहीच कारण नव्हतं, त्यामुळे सगळ्या गावाला नीट पाहता आलं. अध्यक्ष मागच्या डोंग्यात ताठ बसले होते, वरातीतल्या नवरदेवासारखे. कुणीतरी पोरगा पाळीवर तोंडाने बँड वाजवायला लागला. अध्यक्षांची मर्दानगी म्हणा की मोठेपण म्हणा, काठाला लागल्यावर ते स्वतःच हसले आणि त्या पोराला म्हणाले, “वाजव न बे, आता कायले थांबला?”

दुसऱ्या दिवशी जाळं ओढलं. शेवंताच्या जाळ्यात रोहू होते, मरळ होते, आणि एक कतला असा होता की तो काट्याला लटकवताना ममताला दोन्ही हात लागले. तोच काटा. वाटे पडले. डोंग्याचा हिस्सा शेवंताचा. जाळ्याचा हिस्सा शेवंताचा. हातांचे हिस्से दोन, सासूचा आणि सुनेचा. सगळे एकाच घरात गेले.

“मंग या बांबूचं काय करू?” तुकारामने विचारलं.

“ठेवा,” शेवंता म्हणाली. “वाळवणावरचे कावळे हाकायले कामी पडन.”

मला त्यांनी मरळ दिला. एसटीत माझ्या शेजारी कुणी बसलं नाही, पण घरी रस्सा फार चांगला झाला.

आठवडाभराने अध्यक्ष दुकानात आले. ऐंशीची मोटर पोत्यात गुंडाळलेली. आतली तार काळी पडली होती, ती भरायला टाकली. मग इकडेतिकडे पाहून हळूच विचारलं, “आजी, शेवंता वहिनीच्या मोटरीपेक्षा लहान मिळन का एखादी?”

“कायले?”

“लहानच चांगली असते न?”

मला हसू आलं. पाच एचपीवालीला सासरे एवढे का हसले होते ते तेव्हा कळलं. मी मुलाकडे पाहिलं. तो घाईने मीटर पुसायला लागला.

“अध्यक्षसाहेब, काटा आणला का?” मी विचारलं.

त्यांनी खांद्यावरच्या पिशवीत हात घालून मासळीचा लटकता काटा काढला आणि टेबलावर ठेवला.

मी त्यांना खुर्ची दिली आणि चहा सांगितला. इतक्या वर्षांत या दुकानात मोटर किती जोरात जाते हे हजारांनी विचारलं असेल. माझा अनुभव असा की आधी हळू किती जायचं ते विचारावं. जोराचं नंतर पाहता येतं. आणि मागे लावायची की पुढे, हे मात्र मला विचारू नये.